ताप चढला की ऐकू येईना : एका अक्षराच्या चुकीचं प्रकरण

मूल तापाने फणफणलं की हाकेला ओ देत नाही, यात घरच्यांना सुरुवातीला काही वावगं वाटत नाही. तापात मूल मलूल असतं, गुंगीत असतं, सर्दी असली तर कानाला दडे बसलेले असतात. दोन दिवसांनी ताप उतरतो, मूल खेळायला लागतं आणि विषय तिथेच मिटतो. पण दर तापात हेच होऊ लागलं तर? सर्दी नाही, कान दुखत नाही, मूल टक्क जागं आहे, आपल्या डोळ्यांत बघतंय आणि कानाशी टाळी वाजवली तरी वळत नाही. ताप उतरला की काही तासांत पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

1998 साली 'इअर अँड हिअरिंग' या नियतकालिकात अर्नॉल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन मुलांची हकिकत छापली. स्टार हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले चेताविकारतज्ज्ञ. तिघांपैकी दोन सख्खी भावंडं होती. त्या भावंडांचं प्रकरण मी इथे मांडतो आहे. त्याचा उलगडा व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात एक अतिशय पटण्यासारखं स्पष्टीकरण बाजूला ठेवावं लागलं. आतल्या कानातल्या केशपेशी नेमकं काय काम करतात, हे मला या प्रकरणाइतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्याच प्रकरणातून समजलेलं नाही.

तपासण्या काय सांगत होत्या

ताप नसताना ही मुलं जवळजवळ सर्वसाधारण वाटत. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे किती बारीक आवाज ऐकू येतो त्या नोंदीत, किंचित कमतरता, शांत खोलीत बोलणं समजायचं. गोंगाट असला की मात्र शब्द हातचे निसटायचे. 'आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही' ही तक्रार वयस्कर माणसांच्या तोंडून नेहमी ऐकू येते. लहान मुलाच्या बाबतीत ती ऐकली की कान टवकारायला हवेत, कारण मूल ती अशी शब्दांत सांगणारच नाही. ते फक्त लक्ष देत नाही असं शिक्षकांना वाटेल.

मग ताप असताना तपासणी झाली. ताप फार नव्हता, 38 अंश सेल्सियसच्या जेमतेम वर. तेवढ्यावर ऐकण्याची पातळी पार कोसळली होती.

पहिला संशय अर्थातच मधल्या कानाचा. तापात, सर्दीत पडद्यामागे पाणी साठतं आणि दडे बसतात. तो संशय एका चाचणीने फिटला. ओएई, म्हणजे कानानेच परत पाठवलेला आवाज टिपणारी चाचणी. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये लंडनमध्ये दाखवून दिलं की कानात आवाज सोडला की काही मिलिसेकंदांनी कानातून अगदी बारीक आवाज बाहेर येतो. तो प्रतिध्वनी नसतो, आतल्या कानाने स्वतः तयार केलेला असतो. चाचणीसाठी सोडलेला आवाज मधल्या कानातून आत जातो, आणि हा बारीक आवाज त्याच वाटेने बाहेर येतो. वाट तुंबलेली असेल तर तो सहसा टिपलाच जात नाही. या मुलांमध्ये ऐन तापातही ओएई हजर होते. म्हणजे वाट मोकळी होती. शिवाय हा आवाज तयार करणाऱ्या बाह्य केशपेशीही धडधाकट होत्या.

इथे थोडं आत जायला हवं. शंखासारखी वळलेली कॉक्लिया ही आतल्या कानातली नळी. तिच्यात केशपेशींच्या चार रांगा असतात, तीन बाह्य आणि एक आंतर. माणसाच्या एका कानात बाह्य केशपेशी साधारण 12,000 आणि आंतर केशपेशी जेमतेम 3,500. जन्मताना मिळतात तेवढ्याच, गेल्या की नव्या येत नाहीत. दोघींच्या डोक्यावर बारीक रोमांचा झुबका असतो, आवाजाच्या लाटेने तो कलतो आणि पेशीत विद्युतभारित कण शिरतात. इथवर दोघी सारख्या. पुढे मात्र त्यांची कामं अगदी वेगळी. बाह्य केशपेशी आवाजाच्या तालावर आखडतात, लांबतात आणि कमकुवत आवाज वाढवून देतात. प्रेस्टिन हे प्रथिन त्यांच्याकडून ही हालचाल करून घेतं, ते 2000 साली सापडलं. ओएई म्हणजे याच हालचालीचा बाहेर झिरपलेला अंश. मेंदूला खबर देण्याचं काम मात्र जवळजवळ सगळं आंतर केशपेशींचं. श्रवणचेतेतले सुमारे 30,000 तंतू कॉक्लियातून निघतात, त्यांतले बहुसंख्य आंतर केशपेशींना जोडलेले असतात. म्हणून ओएई उत्तम असलेलं मूल ठार बहिरं असू शकतं. वाचताना विचित्र वाटतं, पण वाढवून देणारे कामावर आहेत आणि खबर देणारे मुके झालेत, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी खूण आणखी बारीक आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. बेरा चाचणीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक सोडतात. श्रवणचेता आणि मेंदूखोडातून संदेश पुढे सरकतो तसतशा पहिल्या दहा मिलिसेकंदांत ओळीने पाच लाटा उमटतात. तापात या मुलांच्या बेरामध्ये त्या लाटा उमटल्याच नाहीत. मोठ्या आवाजाने मधल्या कानातला स्नायू आखडतो ती प्रतिक्षिप्त क्रियाही आली नाही, कारण तिलाही चेतेतून जावं लागतं. पण आलेख अगदी सपाट नव्हता. सुरुवातीलाच एक थरथर होती. अशी थरथर अननुभवी नजरेला पहिली लाट वाटू शकते आणि 'थोडा तरी प्रतिसाद आहे' असा शेरा पडू शकतो. तेव्हा टिकटिकीची दिशा उलटी करून बघायचं. आधी हवेचा दाब वाढवणारी टिकटिक, मग दाब कमी करणारी. चेतेतली खरी लाट दोन्ही वेळा साधारण त्याच जागी, त्याच बाजूला येते. ही थरथर मात्र आरशात दिसावी तशी उलटी होते. ती चेतेची नसतेच. ती केशपेशींच्या विजेची असते, आवाजाच्या लाटेची हुबेहूब नक्कल. तिला कॉक्लिअर मायक्रोफोनिक म्हणतात. वेव्हर आणि ब्रे यांनी 1930 मध्ये मांजरात ती पहिल्यांदा नोंदवली तेव्हा ती चेतेतून येते असंच त्यांना वाटलं होतं.

तेव्हा तापातलं चित्र असं. आवाज आत पोचतोय. रोम कलताहेत. केशपेशीत वीज उमटतेय. पुढे चेतेत काहीच नाही. तुटलेली जागा केशपेशीचा तळ आणि श्रवणचेतेची सुरुवात यांच्या दरम्यान कुठेतरी होती.

मायलिनचा संशय

स्टार यांनी दोष चेतेवर ठेवला, आणि त्या वेळच्या माहितीवरून दुसरं काही म्हणणं अवघडच होतं. दोनच वर्षांपूर्वी, 1996 मध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांचं वर्णन करून 'ऑडिटरी न्यूरोपॅथी' हे नाव रूढ केलं होतं. ओएई आहेत, बेरा नाही, असा हा गट. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातापायांच्या चेतांतही बिघाड सापडला होता. शिवाय ताप आणि चेता यांचं एक जुनं नातं वैद्यकाला माहीत होतं. 1890 मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहथॉफ यांनी नोंदवलं होतं की मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतांच्या आजारातल्या काही रुग्णांची नजर श्रमाने तात्पुरती अंधुक होते. त्यामागे शरीराची वाढलेली उष्णता असते. चेतातंतूवरचं मायलिनचं आवरण विरलं असेल तर तंतू कसाबसा संदेश नेत असतो, आणि तापमान थोडं वाढलं की तेवढंही जमत नाही. ताप उतरला की संदेश पुन्हा चालू. भावंडांच्या लक्षणांना हे किती चपखल बसतं ते बघा.

तरी एक गोष्ट खटकण्यासारखी होती. भावंडांना चेतांचा दुसरा कुठलाही त्रास नव्हता. हातपाय ठीक, नजर ठीक, तोलही ठीक. मायलिन शरीरभर असतं. त्यात जन्मजात दोष असेल तर तो दोन्ही कानांच्या चेतांपुरताच का दिसावा? या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हतं. बेरा चाचणीतूनही ते मिळणार नव्हतं. केशपेशीने खबर दिलीच नाही आणि चेतेने ती पुढे नेली नाही, या दोन्ही गोष्टी डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला सारख्याच दिसतात.

उत्तर भलत्याच दिशेने आलं. 1999 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये क्रिस्टीन पेटी यांच्या गटाने लेबनॉनमधल्या काही कुटुंबांत जन्मजात, तीव्र बहिरेपणाचं एक जनुक शोधलं. बहिरेपणाच्या या प्रकाराला डीएफएनबी9 म्हणतात. जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर होतं आणि त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाला ओटोफर्लिन हे नाव मिळालं. हे प्रथिन अवाढव्य आहे, 1,997 अमिनो आम्लांचं. त्यात सी2 नावाच्या घडीचे सहा भाग ओळीने ओवलेले. अशा घड्या इतर अनेक प्रथिनांत कॅल्शियम आणि पेशीपटल यांच्याशी काम करताना आढळतात. म्हणून ओटोफर्लिन कुठेतरी पेशीपटलांच्या जुळणीत गुंतलेलं असावं असा अंदाज होता.

2006 हे या प्रकरणातलं वळणाचं वर्ष. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे तापाने बहिऱ्या होणाऱ्या भावंडांच्या ओटोफर्लिन जनुकात चूक सापडली. जनुकाच्या लिखाणातलं एक अक्षर बदललेलं. टी च्या जागी सी. त्यामुळे प्रथिनात 515 व्या जागी आयसोल्यूसिनऐवजी थ्रिओनिन बसत होतं. आयसोल्यूसिन पाण्यापासून अंग चोरणारं अमिनो आम्ल, थ्रिओनिन पाण्याशी जुळवून घेणारं. तिसऱ्या सी2 घडीत ही अदलाबदल झालेली. सुरुवातीला जनुकाच्या एकाच प्रतीतली चूक दिसली. दुसऱ्या प्रतीत प्रथिन मध्येच तोडणारी चूक असल्याचं पुढे कळलं. म्हणजे या मुलांचं सगळं ऐकणं त्या एका सदोष, पण बऱ्यापैकी चालणाऱ्या प्रतीवर तगलेलं होतं.

दुसरी गोष्ट पेटी यांच्याच गटाची. ओटोफर्लिन अजिबात नसलेले उंदीर त्यांनी तयार केले. उंदीर ठार बहिरे. त्यांच्या आंतर केशपेशी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ठीकठाक दिसत होत्या. विजेने चेतवलं की त्यांच्यात कॅल्शियम आत येत होतं. फक्त चेतेला खबर देणारं रसायन त्या सोडत नव्हत्या.

ते रसायन कुठे आणि कसं सुटतं हे जवळून बघण्यासारखं आहे. आंतर केशपेशीच्या तळाशी ठिकठिकाणी, साधारण दहा ते वीस जागी, श्रवणतंतूची टोकं टेकलेली असतात. प्रत्येक टोकासमोर पेशीच्या आत एक गडद फीत उभी असते, तिला रिबन म्हणतात. रिबनभोवती इवल्या इवल्या पुटिका, म्हणजे पिशव्या, चिकटलेल्या, प्रत्येकीत ग्लुटामेट हे रसायन भरलेलं. रोम कलले, पेशीत वीज उमटली, की रिबनच्या बुंध्याशी असलेल्या वाहिन्यांतून कॅल्शियम आत येतं आणि तळाशी टेकलेल्या पुटिका फुटून ग्लुटामेट बाहेर सांडतं. समोरचा तंतू त्याने चेततो. एका श्रवणतंतूला बहुतेक वेळा एकच रिबन पुरवठा करते, दुसरा आधार नाही. आवाज चालू असेपर्यंत तो तंतू सेकंदाला शेकडो संदेश पाठवू शकतो. तेवढ्याच वेगाने रिबनला पुटिका पुरवाव्या लागतात. एका पेशीने दुसरीला खबर देण्याच्या अशा जागेला सिनॅप्स म्हणतात, आणि शरीरातल्या फार थोड्या सिनॅप्सना इतकं अखंड काम असतं.

मेंदूतल्या सिनॅप्समध्ये कॅल्शियम ओळखून पुटिका फोडण्याचं काम सिनॅप्टोटॅग्मिन नावाची प्रथिनं करतात. प्रौढ आंतर केशपेशीने त्यांच्यावर भिस्त ठेवलेली नाही, तिने ओटोफर्लिन धरलं. म्हणूनच बाकी सगळी चेतासंस्था सुखरूप असताना फक्त ऐकणं जातं. मायलिनच्या स्पष्टीकरणाने न सुटलेली गाठ इथे आपोआप सुटली.

साठा आणि पुरवठा

पण तापाचं काय? ओटोफर्लिन नसेल तर माणूस कायमचा बहिरा असतो. या भावंडांना तर एरवी ऐकू येत होतं. तेव्हा ओटोफर्लिन पुटिका फोडणारी नुसती कळ असेल, असली तर चालू आणि नसली तर बंद, तर हे प्रकरण समजत नाही.

2010 मध्ये एका वेगळ्या उंदराने मदत केली. पचंगा असं नाव दिलेला हा वाण ओटोफर्लिनच्या शेवटच्या सी2 घडीतल्या चुकीमुळे बहिरा असतो. त्याच्या केशपेशींना अगदी क्षणभर चेतवलं तर पहिला पुटिकांचा घास व्यवस्थित सुटतो. चेतवणं चालू ठेवलं की मात्र पुढच्या पुटिका येतच नाहीत. म्हणजे ओटोफर्लिनचं काम पुटिका फोडण्यापुरतं नाही. रिकाम्या झालेल्या जागी नवी पुटिका आणून सज्ज करणं, हेही त्याचंच.

मग 2016 मध्ये गटिंगेनच्या संशोधकांनी, त्यांत निकोला श्ट्रेन्झके आणि एलन राइझिंगर होत्या, भावंडांतली नेमकी तीच 515 ची चूक उंदरात उतरवली. या शोधनिबंधाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक निरीक्षणाला भावंडांच्या तक्रारीत जोड सापडते. उंदरांच्या आंतर केशपेशींत ओटोफर्लिन 65 टक्क्यांनी घटलं होतं. प्रथिन बनत होतं, पण टिकत नव्हतं. पुटिका नेहमीपेक्षा मोठ्या झाल्या होत्या, म्हणजे फुटून गेलेलं पटल परत घेऊन त्याच्यापासून योग्य आकाराची नवी पुटिका घडवण्यातही बिघाड होता. थोडा वेळ चेतवलं तर रसायन नीट सुटे. बराच वेळ चेतवलं की ओहोटी लागे. आवाज सतत चालू ठेवला किंवा एकामागोमाग एक दिला की श्रवणतंतूंचा प्रतिसाद लवकर मंदावे. सगळ्यांत बोलकी गोष्ट अशी की टिकून राहणारा पुरवठा आणि पेशीपटलावरचं ओटोफर्लिनचं प्रमाण एकमेकांच्या मापात वरखाली होत होते. प्रथिन जितकं कमी, तितका पुरवठा लवकर आटतो.

आता ऑडिओग्राम आठवा. हेडफोनमधून छोटी छोटी पिप् येते, मध्ये शांतता, मुलाने बटण दाबायचं. दोन आवाजांमधल्या शांततेत रिबन पुन्हा भरून घेते. या चाचणीला साठा दिसतो, पुरवठा दिसत नाही. म्हणून भावंडांचा ऑडिओग्राम इतका बरा होता. बोलणं ही सलग चाललेली गोष्ट आहे, आणि गोंगाट म्हणजे तर शांततेची सगळी फट बुजवून टाकणं. पार्श्वभूमीच्या आवाजानेच रिबन रिकामी झालेली असते, मग त्यावर येणारा शब्द उचलायला पुटिका उरत नाहीत. ज्यांना हा विकार आहे त्यांना एकच सूर सलग ऐकवला तर तो थोड्याच वेळात विरत जातो, प्रत्यक्षात तो तितकाच मोठा वाजत असतो. शाळेत पहिल्या तासाला नीट ऐकणारं मूल पुढे हरवत जातं, यामागे लक्ष नसणं हेच कारण असेल असं समजू नये, असं मला कळकळीने वाटतं.

आणि ताप. निरोगी कानात तापमान थोडं चढलं तर बेराच्या लाटा उलट किंचित लवकर येतात, उष्णतेने सगळ्याच क्रिया वेग घेतात. मुळातच कच्ची घडी असलेल्या प्रथिनाला मात्र उष्णता सोसत नाही. घडी बिघडते आणि पेशीतली तपासणी यंत्रणा असं प्रथिन पेशीपटलापर्यंत पोचू देत नाही किंवा मोडीत काढते. एरवी जेमतेम पुरणारं ओटोफर्लिन एखाद्या अंशाच्या चढाने पुरेनासं होतं. 38 अंशांवर पूर्ण बहिरेपण आणि 37 वर गप्पा, इतका कडेलोट कसा, हे या जेमतेमपणातून समजतं.

इथे उंदीर आणि माणूस यांत एक फरक निघाला आणि तो मला विशेष वाटतो. चूक तीच असूनही उंदरांत माणसाइतका बिघाड उमटत नव्हता. शोधताना संशोधकांना ओटोफर्लिनमधला 20 अमिनो आम्लांचा एक तुकडा सापडला. तो बहुधा माणसाच्या प्रथिनात असतो, उंदराच्या नसतो. त्या तुकड्यात एक अशी खूण आहे की जिच्यामुळे नीट न घडलेलं प्रथिन पेशीच्या आतच अडकून पडू शकतं. तो तुकडा जोडलेल्या सदोष ओटोफर्लिनचं पेशीपटलावरचं प्रमाण आणखी घटलं. संशोधकांनी 'बहुधा' हा शब्द सोडलेला नाही आणि मीही सोडत नाही. पण नुसता उंदीर बघून थांबले असते तर हा धागा हाती लागला नसता.

पुन्हा त्या मुलाकडे

भावंडांचं प्रकरण एकटं राहिलं नाही. 2010 मध्ये फ्रान्समधून सांद्रिन मार्लें आणि सहकाऱ्यांनी आणखी एका घरातली तापाने बहिरी होणारी भावंडं नोंदवली. त्यांच्या ओटोफर्लिनमध्ये शेवटाकडचं एक अमिनो आम्ल गळालेलं होतं. जागा वेगळी, घडी वेगळी, लक्षण तेच. इतर देशांतूनही अशा चुका पुढे आल्या.

अशा मुलाच्या बाबतीत काय करायचं हे सिनॅप्सच्या या माहितीतून बरंचसं सरळ निघतं. आई-वडील 'तापात ऐकू येत नाही' असं सांगत असतील तर ताप उतरल्यावरची तपासणी पुरेशी नाही. ताप असतानाच ओएई आणि बेरा व्हायला हवेत, आणि बेरा टिकटिकीची दिशा उलटवून. ते जमलं नाही तर ताप नसतानाही बेरा करावा, कारण ऑडिओग्राम चांगला असूनही या मुलांचा बेरा सहसा बिघडलेला असतो. गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी घ्यावी. मग जनुकतपासणी. घरी थर्मामीटरचा आकडा आणि ऐकू येण्याची स्थिती शेजारी शेजारी लिहून ठेवलेली वही निदानाला फार उपयोगी पडते.

ताप चढू न देणं हा इथे उपचाराचाच भाग आहे. ताप आला की डॉक्टरांनी सांगितलेलं औषध वेळेवर द्यायचं, उन्हात आणि दमवणाऱ्या खेळात शरीर तापू द्यायचं नाही. बहिरेपण येईल तेव्हा मुलाला ते जाणार आहे हे माहीत असायला हवं. भरल्या घरात अचानक सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात आणि आवाज येत नाही, ही लहान जीवाला घाबरवणारी गोष्ट आहे. कागदावर लिहून, चित्रं काढून, खुणांनी बोलायची सवय आधीच लावून ठेवली तर ते तास बरे जातात. शाळेलाही सांगायला हवं, कारण रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा त्या दिवशी या मुलाला ऐकू येणार नाही.

श्रवणयंत्राचा इथे मर्यादित उपयोग. आवाज मोठा केल्याने पुटिकांचा पुरवठा वाढत नाही. उलट जन्मापासून ठार बहिऱ्या असलेल्या ओटोफर्लिनच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट चांगलं लागू पडतं. इम्प्लांट केशपेशीला वगळून थेट चेतेला चेतवतं, आणि या मुलांची चेता शाबूत असते. मायलिनच्या निदानावर कोणी अडून बसलं असतं तर चेताच खराब आहे म्हणून इम्प्लांटबद्दल हात आखडता घेतला गेला असता. दोष रिबनपाशी आहे की तंतूत, हा फरक रुग्णासाठी एवढा मोठा आहे.

याच मुलांच्या बाबतीत आणखी एक धोका. नवजात बाळांची तपासणी फक्त ओएईवर झाली तर ओटोफर्लिनचा दोष असलेलं बाळ पास होतं. घरी 'ऐकू येतं' असा कागद येतो आणि बोलणं शिकण्याची मोलाची वर्षं निघून जातात. पुढे काही मुलांत ओएईही मावळतात, मग मूळ दोष केशपेशीच्या तळाशी होता याची खूणच पुसली जाते. बाळ आवाजाला दचकत नसेल तर पास झालेल्या कागदावर विसंबू नये, बेरा करून घ्यावा.

जनुकोपचार आता या जनुकापर्यंत पोचले आहेत. ओटोफर्लिनचा संदेश साधारण 6,000 अक्षरांचा. जनुक वाहून नेणाऱ्या एएव्ही विषाणूत सुमारे 4,700 अक्षरंच मावतात. म्हणून संदेशाचे दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवतात आणि केशपेशीत ते जोडले जातात. 2019 मध्ये हे उंदरांत जमलं. 2024 च्या जानेवारीत शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये सहा मुलांचा अहवाल दिला, त्यांतल्या पाच जणांना ऐकू येऊ लागलं. केशपेशी, रिबन, तंतू सगळं जागेवर आणि फक्त एक प्रथिन गैरहजर, अशी परिस्थिती असल्यामुळेच बहिरेपणाच्या इतर अनेक जनुकांच्या आधी इथे यश आलं.

ती मुलं जन्मापासून काहीच ऐकत नव्हती, त्यांच्याकडे गमावण्यासारखं ऐकणं नव्हतं. तापाने बहिरं होणारं मूल वर्षातले बहुतेक दिवस ऐकतं. त्याच्या आतल्या कानात सुई घालायची तर जे आहे ते जाण्याचा धोका पत्करावा लागेल. शिवाय त्याच्या केशपेशीत सदोष ओटोफर्लिन आधीच आहे, त्याच्या शेजारी चांगलं प्रथिन सोडलं तर दोघांचं कसं जमेल हाही प्रश्न येतो. माझा कल आज तरी असा की अशा मुलासाठी आधी दुसरी वाट धुंडाळावी. कच्च्या घडीला आधार देणारं, तिला पेशीपटलापर्यंत सुखरूप पोचवणारं एखादं औषध. घडी बिघडल्यामुळे होणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिससारख्या आजारात अशी औषधं आज वापरात आहेत. या प्रथिनाची फक्त थोडी जास्त प्रमाणात गरज आहे, आणि गरज आहे ती तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतीच.